फळी सरळ का राहते? ताटीपासून सनमायकापर्यंत

(शनिशिंगणापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

ज्या गावात घराला दार नाही, त्या गावात दाराच्या फळीवर व्याख्यान द्यायचं म्हणजे जरा धाडसच आहे. (हशा) पण मला या विषयाला याच्याइतकी चांगली जागा सुचली नसती. का, ते सांगतो.

दाराची कामं दोन. एक अडवायचं आणि दुसरं झाकायचं. कडी-कोयंडा, कुलूप, अडसर हे सगळं पहिल्या कामाचं सामान. धूळ, कुत्रं, पावसाची झड, जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर हा झाला दुसऱ्या कामाचा भाग. इतर गावांत ही दोन्ही कामं एकच फळी करते, म्हणून ती वेगळी आहेत हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तुमच्या गावानं श्रद्धेपोटी पहिलं काम सोडून दिलं. चौकट आहे, उंबरा आहे, पडदा आहे, फळी नाही. कपाटाला, पेटीलाही कुलूप लावायचं नाही अशी इथली रीत सांगतात. 2011 च्या जानेवारीत युको बँकेनं इथं शाखा काढली, तेव्हा 'कुलूप नसलेली बँक' म्हणून देशभर बातम्या झाल्या. तिथंही काचेचं आरपार दिसणारं दार बसवलं, आणि ते बंद ठेवायला रिमोटवर चालणारी विजेच्या चुंबकाची व्यवस्था केली. म्हणजे अडवायचं काम डोळ्याआड गेलं, झाकायचं काम तेवढं समोर राहिलं.

आता जुन्या घरांमध्ये रात्री काय करायचे? कुत्री आत शिरू नयेत म्हणून चौकटीला एक फळी नुसती टेकवून ठेवायचे. बिजागरी नाही, कडी नाही. माझा विषय या टेकवलेल्या फळीपासून सुरू होतो. कारण टेकवलेली फळी वाकली, तिला पीळ पडला, तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण तीच फळी बिजागरीवर टांगली, चौकटीत मोजून बसवली, की मग दोन मिलिमीटरचा बाकसुद्धा डोळ्याला खुपतो. कपाटाची दोन शटरं शेजारी असतील तर विचारूच नका. एकाचा कोपरा बाहेर आला की सगळं कपाट तिरकं दिसायला लागतं. आणि गिऱ्हाईक सुताराला फोन करतं.

हा फोन मराठी सुताराला गेली तीस-चाळीस वर्षं येतोय. त्याच्या आधी येत नव्हता, असं नाही. पण तेव्हा तक्रार वेगळी होती. "पावसात दार फुगलंय, लागत नाही, जरा रंधा मारून दे." दार फुगायचं, घासायचं, पण बहुधा वाकायचं नाही. फुगणारं दार जाऊन वाकणारं शटर कसं आलं, हा आजचा इतिहास.

सुरुवात अगदी जवळून करू. नेवासे तालुक्यात आपण बसलो आहोत. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये नेवाशात सांगितली गेली, पैसाचा खांब तिथं आहे. ज्ञानेश्वरांच्या भावंडांच्या कथेतलं सगळ्यात प्रसिद्ध दार कोणतं? ताटी. मुक्ताबाईंच्या नावानं 'ताटीचे अभंग' आपण म्हणतो. कीर्तनात आपण त्यातला अध्यात्माचा अर्थ ऐकतो, मला मात्र सुताराच्या नजरेनं ती ताटी बघायची आहे. ताटी म्हणजे काय? बांबूच्या कामट्यांची, कुडाची विणलेली झडप. आडव्या कामट्या, उभ्या कामट्या, एकमेकींत गुंतवलेल्या. आडवीला वाकायचं असलं तर उभी तिला धरून ठेवते, उभीला वाकायचं असलं तर आडवी. ताटी कुजेल, कुरतडली जाईल, पण बाक घेणार नाही. गरिबाच्या झोपडीचं दार होतं ते, पण आजच्या प्लायवुडमागचं तत्त्व त्यात आहे. तिकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

श्रीमंताचं दार मात्र फळ्यांचं. आणि फळी हा प्राणी मोठा लहरी आहे. झाड तोडलं, चिरलं, फळी केली, तरी लाकूड पाणी पिणं आणि सोडणं थांबवत नाही. हवेत दमटपणा वाढला की फुगतं, हवा कोरडी झाली की आखडतं. गंमत अशी, की लांबीत ते जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. आणि एक बाजू जास्त प्यायली, दुसरी कमी, तर फळी द्रोणासारखी होते.

जुन्या सुतारांनी यावर काय केलं? त्यांनी लाकडाशी भांडण केलं नाही. वाड्याच्या दाराच्या फळ्या उभ्या लावायच्या, मागून आडव्या पट्ट्या ठोकायच्या, जाड खिळे मारून त्यांची टोकं वळवायची. चैत्र-वैशाखात फळ्यांमध्ये फट पडायची, आषाढात ती मिटायची. ठीक आहे, मिटू दे! बिजागरी तरी कुठं होती? फळीचंच वरचं-खालचं टोक गोल करून उंबऱ्याच्या खळग्यात फिरवायचे. सगळा मामला सैल. पुढं इंग्रजी अंमलात पॅनेलचं दार आलं, त्यात तर ही सैलता मुद्दाम ठेवलेली असते. बाहेरची चौकट सांध्यांनी घट्ट, आणि मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली. तिला खिळा नाही, सरस नाही. तिनं आत हवं तेवढं हलावं, चौकट जागची हलणार नाही. माझ्या मते दाराच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा शोध आहे, आणि नवीन पिढीतल्या कित्येक कारागिरांना तो नकळत बिघडवताना मी पाहिलंय. सुंदर पॅनेलचं दार करतात आणि मधली फळी फेविकॉल लावून पक्की करतात. (हशा) मग ती भर उन्हाळ्यात मधोमध तडकते.

लाकूडही तसं निवडायचे. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 ची, वास्तुशांत 1732 ची. त्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातलं, असं सांगितलं जातं. सागवान सरळ राहतं, कारण ते पाणी हळू पितं आणि हळू सोडतं, त्याच्या अंगात तेल असतं. म्हणून जहाजं सागवानाची. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं 'त्रिंकोमाली' 1817 चं, सागवानी. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय.

पण जहाजांनी, रेल्वेनं आणि वाढत्या मुंबईनं पश्चिम किनाऱ्याचं सागवान संपवत आणलं, आणि मग नजर गेली ब्रह्मदेशाकडे. 1863 मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. ही कंपनी ब्रह्मदेशातलं सागवान आणायची. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'बर्मा टीक', 'रंगूनी सागवान' हे शब्द असायचे, ते या व्यापारातून आलेले. 1885 मध्ये ब्रह्मदेशाच्या दरबारानं या कंपनीवर आरोप ठेवला, की ओंडके कमी दाखवून तुम्ही आमचा महसूल बुडवला. मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरात फौजा निघाल्या, दोन-तीन आठवड्यांत मंडाले पडलं, आणि थिबा राजाला कैद करून कुठं पाठवलं? आपल्या रत्नागिरीला. थिबा पॅलेस तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीला पाहिला असेल. 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. एका राज्याच्या शेवटाला ओंडक्यांच्या हिशेबाचं निमित्त झालं. मी असं म्हणत नाही की युद्धाचं कारण एवढंच होतं, फ्रेंचांची भीती होती, राजकारण होतं. पण आपल्या आजोबांच्या घरातलं सरळ राहिलेलं दार फुकट सरळ राहिलेलं नव्हतं, एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

ही कंपनी लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

आता प्लायवुड. लाकडाचे पातळ पापुद्रे काढायचे आणि एकावर एक चिकटवायचे, पण प्रत्येक पापुद्रा आधीच्याला आडवा. विणलेली ताटी आठवली? तेच तत्त्व. कल्पना फार जुनी आहे, इजिप्तमध्ये सक्कारा इथं सहा पदरी लाकडाची शवपेटी सापडली आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. भारतात प्लायवुड आलं ते चहामुळे. आसामातला चहा पाठवायला खोकी लागत, ती आधी बाहेरून यायची, मग तिकडेच कारखाने निघाले. खोक्याचं प्लायवुड हळूहळू घरात शिरलं.

इथं एक छोटी गोष्ट आहे, पण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. प्लायवुडचे पदर नेहमी विषम असतात. तीन, पाच, सात, नऊ. का? मधला पदर हा आरसा समजा. त्याच्या डावीकडे जे आहे, तेच उजवीकडे असलं पाहिजे. त्याच दिशेचं, तेवढ्याच जाडीचं. डावीकडचा पदर ओढेल तेवढंच उजवीकडचा ओढणार. दोन बैल सारख्या ताकदीचे असले की गाडी सरळ जाते. सागवानाचं दार सरळ राहायचं ते सैल असल्यामुळे, प्लायवुड सरळ राहतं ते तोलामुळे. सुताराच्या विद्येत झालेला हा फार मोठा बदल. आणि तो कुणी त्याला शिकवला नाही. बलुतेदारीत सुतार बापाकडून लाकूड शिकायचा. अत्र्यांच्या 'गाव-गाड्या'त, 1915 च्या, बलुतेदारांचं जे जग दिसतं त्यात सुतार म्हणजे नांगर, कुळव, मोट, गाडी. प्लायवुड कारखान्यातून तयार आलं, दुकानातून घरी आलं. त्याच्या पोटात काय आहे हे सांगणारा बाप कुणालाच नव्हता.

आणि मग त्या तोललेल्या प्लायवुडवर आपण एका बाजूला सनमायका चिकटवला.

या शब्दाकडे जरा बघा. सनमायका हे एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या शीटला सनमायकाच म्हणतात. मायका म्हणजे अभ्रक. पण त्या शीटमध्ये अभ्रकाचा कणही नसतो. मग नाव कुठून आलं? 1913 च्या सुमाराला अमेरिकेत दोन तरुण इंजिनिअरांनी विजेच्या यंत्रांसाठी रोधक बनवायला घेतला. तोवर रोधक म्हणून अभ्रक वापरत, आणि ते मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून जायचं. यांनी कागद-कापडावर राळ चढवून, दाबून पर्याय केला. अभ्रकाऐवजी, इंग्रजीत 'फॉर मायका', म्हणून फॉर्मायका. आपल्या अभ्रकाच्या धंद्यावर निघालेल्या मालाचं नाव आपण आता ओट्याखालच्या कपाटावर मिरवतो.

सुरुवातीची ही शीट काळपट-तपकिरी असायची, कारण राळच तशी, बॅकेलाइटच्या जातीची. रंग आला तो मेलामाईनमुळे. लिबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1834 मध्येच मेलामाईन तयार केलं होतं, पण शंभर वर्षं त्याचं काय करायचं ते कुणाला उमगलं नाही. 1930 च्या दशकात त्याची राळ झाली, पारदर्शक, कडक, उष्णतेला न दबणारी. लग्नात जेवायला मेलामाईनची ताटं असतात ना, तीच राळ. म्हणजे सनमायकाच्या शीटमध्ये खाली तपकिरी कागदाचे थर, वर नक्षीचा कागद मेलामाईनमध्ये भिजवलेला, आणि सगळं गरम दाबयंत्रात दाबलेलं. थोडक्यात, कागद. आणि कागद म्हणजे लाकडाचाच लगदा, तो पाणी पिणार आणि सोडणार. वरचा थर आणि खालचा थर वेगळा, म्हणून शीट नुसती जमिनीवर ठेवलीत तर तीही बाक घेते. दुकानात गुंडाळी करून देतात ती सुटली की बघा.

भारतात या शीटचा एक महत्त्वाचा कारखाना कुठं होता? पुण्याजवळ, आकुर्डीला. फॉर्मायका इंडिया. आणि तो कुणाच्या छत्राखाली? बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या. जिच्या सागवानापायी थिबा रत्नागिरीला आला, त्याच कंपनीच्या कारखान्यातून सागवानाचं चित्र छापलेला कागद बाहेर पडायला लागला. इतिहासकार म्हणून यावर काही भाष्य करायची मला गरज वाटत नाही. (हशा)

तर आता शटर. 19 मिलिमीटरचा प्लाय, बाहेरून एक मिलिमीटरचा सनमायका. आतून? आतून पूर्वी ऑइल पेंट मारायचे, किंवा नुसतं पॉलिश. काही ठिकाणी तेही नाही. तोल गेला! बाहेरच्या बाजूनं पाणी आत शिरायला वाट नाही, आतल्या बाजूनं मोकळी वाट. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, आणि ऑगस्टमध्ये भिंतीला ओल. कोकणातली हवा वर्षभर दमट असते, त्यामुळे लाकूड एका जागी बसतं तरी. इथं ते वर्षातून दोनदा मत बदलतं. पावसात आतली उघडी बाजू पाणी पिऊन वाढते, बाहेरची वाढत नाही, आणि शटरचे कोपरे बाहेर येतात. उन्हाळ्यात उलटं. सात फुटी कपाटाचं शटर असेल तर हा बाक लांबूनही दिसतो.

यावर उपाय रहस्य नाही. युरोपातल्या जुन्या कपाटवाल्यांनाही ठाऊक होता. एका बाजूला पापुद्रा लावलात, तर दुसऱ्या बाजूलाही लावा. आतून महागडं डिझाइन नको, साधी पातळ लायनर शीट चालते, पण जाडी बाहेरच्या जवळपास हवी आणि दिशा तीच हवी. कारण शीटही एका दिशेला जास्त हलते, एका दिशेला कमी. उरलेला तुकडा आडवा फिरवून आत लावला की तोल अर्धाच सांभाळला. फेविकॉल दोन्ही बाजूंना सारखा, आणि शक्यतो एकाच दिवशी. फेविकॉलमध्ये पाणी असतं, एक बाजू आज ओली केली आणि दुसरी चार दिवसांनी, तर मधल्या चार दिवसांत बोर्ड आपलं ठरवून मोकळा होतो. शीट आणि बोर्ड दोन-तीन दिवस एकाच खोलीत पडू द्या, एकमेकांची हवा लागू द्या. आणि चिकटवलेली शटरं भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका. सपाट ठेवा, वर वजन ठेवा. भिंतीला टेकवलं की पहिला बाक तुम्हीच दिला.

हे सगळं इथल्या सुतारांना ठाऊक नाही, असं मी मानत नाही. सोनई, घोडेगाव, राहुरीकडचे दोन-तीन मिस्त्री समोर बसलेत, माना हलवतायत. मग चुकतं कुठं? भावात. घरमालक म्हणतो, "आतून कोण बघतंय? तिथं रंग मार." एका कपाटामागे आतल्या शीटचे आणि मजुरीचे काही हजार वाचतात. मिस्त्रीनं आग्रह धरला तर तो लुटतोय असं वाटतं. नाही धरला, तर पावसाळ्यानंतर तोच फोन, आणि दोष त्याच्याच हाताला. सागवानाच्या काळात आतली आणि बाहेरची बाजू एकाच लाकडाची असायची, त्यामुळे आतली बाजू वगळून भाव करता येत नसे. लॅमिनेटनं ती वेगळी काढून दाखवली, आणि आपण ती घासाघिशीत टाकली. मला वाटतं, फुगणाऱ्या दारांचा जमाना संपून वाकणाऱ्या शटरांचा आला त्याचं रसायनाइतकंच हेही कारण आहे.

आणखी एक वळण. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर जो आदेश दिला, त्यानं ईशान्येकडच्या प्लायवुड कारखान्यांचा कच्चा मालच आटला. धंदा शेतातल्या लाकडाकडे वळला, पॉप्लर, निलगिरी, हरियाणातलं यमुनानगर. हे लाकूड लवकर वाढतं, पण ते जुन्या जंगली लाकडासारखं शांत नाही. प्लाय आत नीट वाळवलेला नसला तर दुकानातूनच बाक घेऊन येतो. म्हणून उंच शटरला पुष्कळ मिस्त्री ब्लॉकबोर्ड घेतात, त्याच्या पोटात उभ्या पट्ट्या असतात, लांबीत तो जास्त ताठ राहतो.

आणि आपल्या भागाचा पर्याय? ऊस! या जिल्ह्यात प्रवरानगरपासून सोनईपर्यंत चिमण्या आहेत. गाळपानंतर उरलेला बगॅस बहुतेक बॉयलरमध्ये जातो, पण 1990 च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला बगॅसपासून पार्टिकल बोर्ड करणारा कारखाना निघाला. भुशाचा बोर्ड म्हणून लोक नाक मुरडतात. पाण्यात फुगतो, स्क्रू धरत नाही, खरं आहे. पण एक गोष्ट बघा. प्रीलॅम बोर्डावर मेलामाईनचा कागद कारखान्यात दोन्ही बाजूंना एकाच वेळी, एकाच दाबाखाली बसवतात. तोल कारखान्यातच झाला. म्हणून स्वस्त प्रीलॅमचं शटर सरळ राहतं, आणि त्याच्या शेजारचं महागड्या प्लायचं, एका बाजूच्या सनमायकाचं शटर वाकतं. दुकानात एका बाजूचं प्रीलॅमही मिळतं. ते कपाटाच्या पाठीला घ्या, शटरला घेऊ नका.

प्रश्न घेऊ या आता.

(श्रोत्यांतून: सर, आधीच वाकलेलं शटर सरळ होतं का?)

कधी कधी होतं. आधी बघा, नुसता बाक आहे की पीळ आहे. सपाट फरशीवर ठेवा. मधे उचललं असेल तर बाक. तीन कोपरे टेकतायत आणि चौथा हवेत, तर पीळ. पीळ असेल तर नवं करा, वेळ घालवू नका. बाक असेल तर उन्हाळ्यात, कोरड्या दिवसांत काढा, आतला रंग घासून काढा, बाहेरच्या जाडीची शीट त्याच दिशेनं लावा, आणि बाकाच्या उलट बाजूला किंचित दाबून वजनाखाली ठेवा. आणि बिजागऱ्या मोजा. सात फुटी शटरला दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं मी पाहिलंय. चार लावा.

(श्रोत्यांतून: आमच्याकडे चौकटीला फळी नुसती टेकवतात, तिला लॅमिनेट लावायचं का?)

(हशा) लावायचं असेल तर दोन्ही बाजूंनी. नाहीतर तशीच ठेवा, तिला कुठं बसायचंय.